पंडिता रमाबाईंचे उघडे दार

धर्मप्रसार म्हटला की व्यासपीठ आणि प्रवचन डोळ्यांपुढे येते. परंतु पुण्याच्या शारदासदनात १८९३ साली जे वादळ उठले, ते एका उघड्या दारावरून!

पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत शारदासदन काढले व पुढच्याच वर्षी ते पुण्यास हलविले. तेथील विधवा मुलींना ख्रिस्ती धर्म शिकवायचा नाही, असे ठरले होते. त्यांचे सोवळेओवळे, स्वयंपाक, सारे त्यांच्या रिवाजाप्रमाणे चाले. रमाबाई मात्र आपल्या मनोरमेला घेऊन स्वतःच्या खोलीत प्रार्थना करीत आणि दार उघडे ठेवीत. काही मुली आपण होऊन तेथे बसू लागल्या. झाले! न्या. रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखे हितचिंतक सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. बाईंनी दार लावले नाही.

यात बाईंचे चुकले काय? या प्रश्नापाशी मी बरेच दिवस अडखळले. मायेला भुकेलेली बालविधवा. तिला जवळ घेणारी बाई जे करील ते तिला गोड वाटणारच. तेव्हा ‘आपण होऊन’ हे शब्द जपूनच वापरावे लागतात. पालकांची भीती मला अगदीच खोटी वाटत नाही. पण स्वतःच्या खोलीत चोरासारखी प्रार्थना करा, हे तरी कोणी कोणाला कसे सांगावे? शिवाय सदनाच्या पहिल्या विद्यार्थिनींपैकी गोदूबाई त्याच वर्षी धोंडो केशव कर्व्यांशी विवाह करून गेल्या, त्या हिंदूच राहिल्या. दार बाहेर जाण्यासही उघडे होते.

पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात बाईंनी मध्य प्रांतातून सुमारे ३०० मुली आणल्या. केडगावचे मुक्तिसदन उघडपणे ख्रिस्ती होते. तेथे मुली शेती, विणकाम करीत, छापखान्यात खिळे जुळवीत. पण अन्न देणाऱ्याचा देव भुकेल्याने नाकारणे किती अवघड, हा माझा प्रश्न येथे अधिकच बोचतो.

आमच्या घराण्यात कॉलेजात आलेली मी पहिलीच. वसतिगृहात माझ्या खोलीत एक ख्रिस्ती मैत्रीण आहे. मला ताप आला तेव्हा तिने माझे कपडे धुतले, डबा आणला. धर्माविषयी चकार शब्द काढला नाही. परवा मीच विचारले, “रात्री काय वाचतेस गं?” तिने पुस्तक माझ्यापुढे सरकवले आणि भांडी घासायला निघून गेली.