शिव्या खाणारा भला माणूस

पूर्वी जत्रेत सिनेमाचा तंबू लागे. एका बाजूला गडी बसत, एका बाजूला बाया. पडद्यावर तो पाटील आला, की बाया कडाकडा बोटे मोडत. तो डोळे बारीक करी. हळू, घोगऱ्या आवाजात बोले. गरिबाच्या लेकीसुनेकडे वाईट नजरेने बघे. "मुडदा बशिवला तुझा!" असे अंधारातून कोणीतरी ओरडे.

त्या नटाचे नाव निळू फुले. लोक त्यांना निळूभाऊ म्हणत.

13 जुलै 2009 रोजी निळूभाऊ पुण्यात वारले. त्यांना अन्ननलिकेचा कर्करोग झाला होता. घास घशातून पोटात नेणारी नळी, ती अन्ननलिका. दुसऱ्या दिवशी पारावर एक पोरगा वर्तमानपत्र वाचत होता. त्याची म्हातारी आत्या शेजारी बसली होती.

"कोण गेलं रं?" आत्याने विचारले.

"निळू फुले गेले, आत्या."

आत्या गप्प झाली. मग पदराने डोळे पुसू लागली.

पोरगा हसला. "अगं, तूच तर त्यांना शिव्या घालायचीस!"

"घातल्या. लई घातल्या. म्हणून तर वाईट वाटतंय. माणूस कसा व्हता त्यो?"

पोरग्याने सांगितले ते असे. निळूभाऊंच्या घरी वाडा नव्हता की जमीन नव्हती. तरुणपणी ते पुण्याच्या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयाच्या बागेत माळी होते. माळ्याचा पगार तो केवढा! त्यातलेही काही पैसे ते राष्ट्र सेवा दलाला देत. सेवा दलातच ते लोकनाट्यात काम करू लागले. 'कथा अकलेच्या कांद्याची' या वगाने त्यांचे नाव झाले. 1968 साली अनंत माने यांचा 'एक गाव बारा भानगडी' हा सिनेमा आला. तिथून ते पडद्यावर आले.

"आणि त्यो साखर कारखान्याचा सिनेमा?" आत्या म्हणाली.

"तो 'सामना'."

'सामना' विजय तेंडुलकरांनी लिहिला. जब्बार पटेलांनी तो केला. 1975 साली तो जर्मनीत बर्लिनच्या महोत्सवात दाखवला गेला. त्यात निळूभाऊ झाले आहेत हिंदुराव पाटील. कारखाना त्यांचा, गाव त्यांचे. एक दारुडा मास्तर त्यांना एकच प्रश्न विचारीत राहतो, आणि एवढा मोठा माणूस आतून हलतो. मास्तर झाले होते डॉ. श्रीराम लागू.

आता गंमत बघा. पडद्यावर हे दोघे एकमेकांसमोर उभे. बाहेर मात्र दोघे एका कामाला जुंपलेले! अंधश्रद्धा घालवण्याच्या कामात ते डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या सोबत होते. समाजासाठी राबणाऱ्या कार्यकर्त्यांच्या घरची चूल पेटती राहावी, म्हणून त्यांनी नाटकाचे प्रयोग करून निधी जमवला. त्याचे नाव सामाजिक कृतज्ञता निधी. कृतज्ञता म्हणजे केलेल्या उपकाराची जाण.

निळूभाऊंनी नेहमी वाईट माणूसच रंगवला असे नाही. 1979 च्या 'सिंहासन' सिनेमात ते पत्रकार आहेत. मंत्र्यांची भांडणे तो जवळून पाहतो आणि शेवटी त्याचे डोकेच फिरते. पण गावाच्या ध्यानात राहिला तो पाटीलच. आजही पोरेसोरे त्या आवाजाची नक्कल करतात.

"एवढा भला माणूस," आत्या म्हणाली, "मग असला हलकट पाटील त्याला जमला कसा?"

"पाहिले असतील त्यांनी तसले."

आत्या बराच वेळ समोरच्या पडक्या वाड्याकडे बघत राहिली. मग हळूच बोलली, "आमच्या वक्ताला हितं बी व्हता तसला एक. त्याच्या म्होरं मान वर करायची टाप नव्हती कुणाची. म्हणून तंबूत अंधार झाला, की आमी बाया तोंड सोडायचो. नाव निळूचं, पण शिव्या त्या वाड्याला व्हत्या रं."

ती थांबली. मग म्हणाली, "वाच पुढं. किती माणूस गेलं व्हतं पोचवायला?"