अंगणातील विजेचे प्लग आणि गळतीपासून संरक्षण

पनवेल तालुक्यातील शेतकऱ्याच्या घरी विजेचे पुष्कळसे काम आता उंबरठ्याबाहेर होते. पाण्याचा पंप, धुलाई यंत्र, भात उफणताना लावावयाचा पंखा, गणपतीतील मांडवाची रोषणाई, या सर्वांस वीज पडवीतील किंवा अंगणातील प्लगमधून मिळते. रायगड जिल्ह्यात वर्षाकाठी सुमारे 3,000 मिलिमीटर पाऊस पडतो. भिंती ओलावतात, अंगणात चिखल होतो आणि माणूस बहुधा अनवाणी असतो. अशा जागी घरातल्यासारखी जोडणी करून भागत नाही.

फ्यूज किंवा एम.सी.बी. असला म्हणजे धोका टळला, अशी समजूत सर्वत्र आढळते. वस्तुतः फ्यूज तारेचे रक्षण करतो, माणसाचे नव्हे. ओल्या शरीराचा रोध सुमारे 1,000 ओहम धरला, तर 230 व्होल्टला अंगातून जवळजवळ पाव अँपिअर प्रवाह जातो. 5 अँपिअरच्या फ्यूजला त्याची दखलही नसते. हृदयाची गती विस्कटून मृत्यू ओढवण्यास मात्र त्याहून पुष्कळ कमी प्रवाह पुरतो.

अर्थिंग अवश्य हवे, परंतु केवळ त्यावर विसंबू नये. वैशाखात जमीन सुकली की अर्थिंगचा रोध वाढतो. तो 20 ओहम झाला आणि पंपातील उघडी तार त्याच्या कवचास टेकली, तर जमिनीत फार तर 11 ते 12 अँपिअर प्रवाह जाईल. 16 अँपिअरचा एम.सी.बी. त्याने पडणार नाही आणि कवचात वीज खेळतच राहील.

यासाठी गळती ओळखून वीज तोडणारे उपकरण बसवावे. तारतंत्री त्यास आर.सी.सी.बी. म्हणतात. त्यात फेज व न्यूट्रल या दोन्ही तारा एकाच कड्यातून जातात. गेलेला प्रवाह तितकाच परत आला तर उपकरण स्वस्थ राहते. काही प्रवाह माणसाच्या अंगातून किंवा जमिनीतून निसटला की तफावत पडते व वीज तुटते. 30 मिलिअँपिअरचे उपकरण तेवढ्या गळतीस 0.3 सेकंदाच्या आत काम करते. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या 2010 सालच्या सुरक्षा नियमांत घरगुती जोडणीसाठी हीच मर्यादा घातली होती. एका हाताने फेज व दुसऱ्याने न्यूट्रल धरणाऱ्यास मात्र हे उपकरण वाचवू शकत नाही. तारा जास्त भाराने तापल्या तरी ते पडत नाही, म्हणून एम.सी.बी.ही हवाच.

अंगणासाठी मुख्य फळ्यापासून स्वतंत्र सर्किट काढावे व त्यास स्वतंत्र आर.सी.सी.बी. द्यावा. म्हणजे अंगणातील बिघाडाने घर अंधारात जात नाही. 16 अँपिअरच्या प्लगसाठी 2.5 चौरस मिलिमीटरची तांब्याची तार घ्यावी. झाकणाचा, पाणी न शिरणारा सॉकेट वळचणीच्या आत, पागोळ्यांपासून दूर व कमरेपेक्षा उंच बसवावा. जमिनीखालून नेण्याची केबल चिलखती असावी व ती पाऊण मीटर खोल पुरावी. कपडे वाळविण्याच्या लोखंडी तारेवरून वायर नेण्याची चाल तर तत्काळ बंद करावी. हे काम परवानाधारक तारतंत्र्याकडूनच करून घ्यावे.

ग्रामसेवकांनी एका गोष्टीकडे विशेष लक्ष द्यावे. पहिल्या पावसात उपकरण वारंवार पडू लागले की त्रास नको म्हणून त्यास वगळून तार थेट जोडण्यात येते. ज्याने धोका दाखविला त्यालाच दूर करण्यासारखे हे आहे. सर्व प्लग काढून उपकरण चढवावे, मग एकेक यंत्र लावीत जावे. ज्या यंत्राने ते पडेल त्यात गळती आहे. सर्व यंत्रे काढूनही पडत असेल तर सॉकेटमध्ये किंवा केबलमध्ये ओल शिरली असेल, अथवा आर.सी.सी.बी.नंतरची न्यूट्रल दुसऱ्या सर्किटशी किंवा अर्थिंगशी जोडली गेली असेल.

उपकरणावर ‘टी’ खुणेचे बटण असते. महिन्यातून एकदा, वीज चालू असताना, ते दाबावे. वीज तुटली नाही तर नवे उपकरण बसेपर्यंत अंगणातील प्लग वापरू नये.