पाक भरपूर, तरी पेटी रिकामी

सातेरी मधमाशी उपाशी राहिली की पेटीत मरत बसत नाही, घर सोडून निघून जाते. जावळी-महाबळेश्वरच्या पावसात माझ्या पेट्यांतून माशा अशाच गेल्या, तेही पाकाच्या वाट्या भरलेल्या असताना. ‘साखर दिली की झालं’ असं तेव्हा सगळे सांगायचे. नव्या मधपाळांना आजही तेच सांगतात, म्हणून हे लिहितोय.

साखरेनं माशीला उडायला, पेटीत ऊब ठेवायला बळ मिळतं. पिलावा, म्हणजे अंडी-अळ्या, वाढवायला मात्र प्रथिनं लागतात, आणि ती परागातून येतात. पराग खाऊनच दाई माशा अळ्यांचा खुराक अंगात तयार करतात. तो तुटला की राणी अंडी कमी घालते. फारच ओढ झाली तर कामकरी माशा अळ्याच खाऊन टाकतात. नवी पिढी येत नाही, वसाहत रोडावते, मग मेणकिडा शिरतो आणि खापर त्याच्यावर फुटतं.

म्हणून पावसानं उघडीप दिली की चौकट उजेडाकडे धरून कोवळ्या अळ्यांची घरं बघा. पोसलेली अळी पांढऱ्या, चकचकीत खुराकात पहुडलेली असते. घराचा तळ कोरडा दिसला आणि पिलाव्याभोवती परागाची पिवळी-नारिंगी घरं नसली, तर थांबू नका. तीन भाग तेल काढलेलं सोयापीठ, एक भाग साय काढलेल्या दुधाची पावडर, एक भाग ब्रूअर्स यीस्ट साखरेच्या पाकात मळा. पातळ, छोटी चकती चौकटींच्या माथ्यावर ठेवा. दोन-तीन दिवसांत खाल्ली नाही तर काढून टाका, बुरशी धरते.

पाक साखर-पाणी समसमान, तोही संध्याकाळी, पेटीच्या आत आणि सगळ्या पेट्यांना एकाच वेळी द्या. नाहीतर माशांची लुटालूट सुरू होते. गूळ नको, त्यानं माशांना हगवण लागते. बाजारातला मध तर मुळीच नको, त्यातून रोग येऊ शकतो.

खरी तजवीज उन्हाळ्यापासूनच करायची. जांभळाचा मध कितीही मोहात पाडो, मधकोठीतलाच काढा. पिलाव्याच्या कोठीतला थेंबही माशांचा आहे. बांधाला शेवगा लावा. जूनपासून मका, ज्वारीच्या चार ओळी पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतरानं पेरा. मध त्यांतून मिळत नाही, पण तुरे एकामागून एक येतात आणि पराग मिळत राहतो. शेजारच्या शेतकऱ्याला फवारणीची वेळ आधीच विचारून ठेवा. माशा तुऱ्यांवर असतात त्या सकाळच्या वेळी फवारू नका, अशी विनंती करा.