सक्करदऱ्याचा तलाव एका चित्रांत

विशाल देखावा एका छायाचित्रांत मावत नाहीं, म्हणून त्याचीं अनेक छायाचित्रें घेऊन तीं जोडतात. सक्करदऱ्याच्या तलावाचें असें चित्र करतांना आम्ही मुलांस कांठानें चार पावलें सरकून पुढील चित्र घ्यावयास सांगितलें. चित्रें कातरून चिकटविलीं, तों पलीकडचा कांठ बरोबर जुळला. परंतु अलीकडचें एकच झाड दोन ठिकाणीं उमटलें! आम्ही चिकटविणाऱ्या मुलास बोल लाविला. तो अन्याय होता. चूक आमच्या सूचनेंत होती.

कारण असें कीं, कॅमेरा 1 फूट बाजूस सरकला तर 10 फुटांवरील झाड सुमारें 6 अंशांनीं सरकलेलें दिसतें. 1000 फुटांवरील घर मात्र 0.06 अंशच. आगगाडींतून पाहतांना जवळचे खांब पळतात व दूरची टेकडी स्थिर भासते, तें यामुळेंच. ह्यास लंबन म्हणतात. एका चित्रांत खोडामागें जें झांकलें, तें दुसऱ्यांत उघडें पडतें. मग दोन्ही जुळावीं कशीं? संगणक सारख्या खुणा शोधून चित्रें ताणतो, परंतु हा भेद ताणून मिटत नाहीं.

उपाय सोपा आहे. भिंगाची जागा न बदलतां कॅमेरा केवळ वळवावा, व प्रत्येक चित्रांत मागील चित्राचा सुमारें तिसरा हिस्सा येऊं द्यावा. सरकणें भागच असेल, तर सपाट भिंत किंवा फार दूरचा देखावा निवडावा.

तरी लंबन हा केवळ दोष नव्हे. विमानांतून घेतलेल्या चित्रांवरून भूमीची उंची त्याच्याच मापानें काढतात. आम्ही त्या मुलाची क्षमा मागितली, आणि दुहेरी झाडाचें तें चित्र वर्गाच्या भिंतीवर लाविलें.