शोभिवंत गोड मिरची : बागेत व कुंडीत

मिरचीचे मूळ स्थान अमेरिका खंड. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांमार्फत ती भारतात आली आणि गोमंतकीय स्वयंपाकघरात कायमची स्थिरावली. तिच्याच जातकुळीतील गोड मिरची लाल, पिवळ्या, नारिंगी व जांभळ्या फळांमुळे अंगणाची शोभा वाढविते आणि भाजीसही उपयोगी पडते. मात्र शोभेसाठी म्हणून विकली जाणारी लहान, उभ्या फळांची पुष्कळशी झाडे अत्यंत तिखट असतात. रंगीत फळांकडे लहान मुलांचा हात सहज जातो; म्हणून ज्या घरी मुले आहेत तेथे खात्रीचा गोड वाणच लावणे इष्ट होय.

हंगाम : रात्रीचे तापमान सुमारे २४ अंश सेल्सिअसच्या वर राहिल्यास किंवा दिवसाचे ३२ अंशांच्या पुढे गेल्यास फुले गळतात. याकरिता किनारपट्टीच्या प्रदेशात सप्टेंबरअखेर बी पेरावे व पाच ते सहा आठवड्यांची रोपे लावावीत. म्हणजे फळधारणा थंडीच्या दिवसांत साधते. बागेत दोन रोपांत ४५ सेंटिमीटर अंतर ठेवावे.

कुंडी व माती : कुंडी किमान ३० सेंटिमीटर व्यासाची, तळाशी छिद्रे असलेली घ्यावी. दोन भाग माती, एक भाग चांगले कुजलेले शेणखत व एक भाग वाळू असे मिश्रण भरावे. जांभ्या दगडाच्या प्रदेशातील माती बहुधा आम्लधर्मी असते. तिचे परीक्षण करून आवश्यक तेवढाच चुना द्यावा. ज्या जागी पूर्वी वांगी, टोमॅटो वा मिरचीची झाडे हिरवी असतानाच अकस्मात कोमेजून मेली, तेथील माती वापरू नये. अशा झाडाचे खोड कापून स्वच्छ पाण्यात टांगल्यावर पांढरा दुधाळ स्राव सुटू लागला, तर तो जिवाणूजन्य मर रोग समजावा.

पाणी व खत : बोटभर खोलीवर माती कोरडी लागली की पाणी द्यावे. एके दिवशी तुडुंब व नंतर चार दिवस काहीच नाही, अशा अनियमितपणामुळे कॅल्शियम फळापर्यंत पोहोचत नाही आणि फळाचे टोक काळे पडून कुजते. नत्रयुक्त खताचा अतिरेक झाल्यास पाने माजतात, फळे कमी धरतात. पाने वाकडी व आकसलेली दिसू लागताच फुलकिडे व कोळी यांचा शोध घ्यावा आणि निंबोळी अर्काची फवारणी संध्याकाळी करावी. रोपवाटिकेतून फळांसह आणलेल्या झाडाची फळे खाऊ नयेत. त्यांवर कोणते औषध मारले आहे हे आपणांस ठाऊक नसते.

गोडी कशी राखावी : तिखटपणा हा प्रबळ आनुवंशिक गुण आहे, गोडी हा अप्रबळ. गोड झाडाशेजारी तिखट मिरची असल्यास मधमाश्या तिचे पराग गोड मिरचीच्या फुलावर आणतात. त्या फुलाचे फळ गोडच राहते. कारण तिखट द्रव्य ज्या पांढऱ्या गाभ्यात तयार होते तो मातृवृक्षाचाच भाग असतो. परंतु त्या फळातील बियांपासून वाढलेली झाडे तिखट निघतात. फसगत होते ती पुढील वर्षी!

यावर उपाय सोपा आहे. कळी उमलण्यापूर्वीच फांदीवर मलमलीची पिशवी बांधावी व फुले उमलल्यावर फांदी हलकेच हलवावी. मिरचीच्या फुलात स्वपरागण होत असल्याने फळ धरते. फळ दिसू लागताच पिशवी काढावी आणि त्याच्या देठाला खुणेचा दोरा बांधावा. फळ पूर्ण रंगल्यावरच बी काढून सावलीत वाळवावे. जांभळी फळेही पक्व झाल्यावर बहुधा लाल होतात, हे ध्यानी ठेवावे. संकरित वाणाचे बी मात्र धरू नये. पुढच्या पिढीत त्याचे गुण विखुरतात.

खुणेच्या दोऱ्याची एवढी काळजी घेतल्यास अंगणातील रंगीत फळ मुलांच्या हाती निर्धास्तपणे देता येईल.