मेंदूतील गाठ आणि परदेशाची वाट

धान कापणीच्या दिवसांत पवनी तालुक्यातील एक शेतकरी आपल्या एकोणीस वर्षांच्या मुलाला घेऊन माझ्या दवाखान्यात आले. मुलाला बांधावर झटका आला होता. कोणी कांदा हुंगवला, कोणी नाकाशी चप्पल धरली. दोन दिवसांनी सीटी स्कॅन झाला आणि फिल्ममध्ये मेंदूत पांढऱ्या कडेचा एक गोल ठिपका दिसला. ‘गाठ आहे’ एवढेच शब्द घरी पोहोचले. पुण्यात नोकरी करणाऱ्या कोणा नातेवाइकाने परदेशातील इस्पितळाचे नाव सुचवले.

वडील म्हणाले, ‘‘डॉक्टरसाहेब, पोराले बाहेरदेशी न्यायचं म्हणतो. तीन एकर धानाची जमीन हाये, इकून टाकतो. तुम्ही फक्त चिठ्ठी द्या.’’

मी चिठ्ठी दिली, पण ती नागपूरची. त्याचे कारण या आठवड्यात वाचकांना सांगावेसे वाटते.

प्रत्येक ठिपका कॅन्सर नसतो

कवटीच्या आत काय आहे हे कवटी न उघडता पाहणे पूर्वी फार अवघड होते. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमध्ये एका स्त्रीच्या मेंदूचा पहिला सीटी स्कॅन झाला. तिलाही मेंदूत गाठ असल्याचा संशय होता. हे यंत्र बनविणारे गॉडफ्रे हाउन्सफिल्ड यांना १९७९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे ही यंत्रे भारतात आली, तेव्हा झटके येणाऱ्या असंख्य रुग्णांच्या मेंदूत असे लहान गोल ठिपके दिसू लागले. ते कशाचे, यावर बराच वाद झाला. पुष्कळांना ते क्षयाचे वाटत. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधील डॉ. वेदांतम राजशेखर व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा ठिपक्यांचे तुकडे तपासून दाखवून दिले, की त्यांतील बरेचसे फीतकृमीच्या अळीचे असतात. ठिपका एकच असेल, २० मिलिमीटरपेक्षा लहान असेल आणि मेंदूवर दाब किंवा वाढत जाणारा लुळेपणा नसेल, तर या आजाराची शक्यता मोठी, असे निकषही त्यांनी घालून दिले.

हा आजार फक्त डुकराचे मांस खाणाऱ्यांनाच होतो, हा गैरसमज आहे. कच्चे राहिलेले मांस खाल्ल्याने आतड्यात फीतकृमी होतो. पण मेंदूतील अळी होते ती त्या कृमीची अंडी पोटात गेल्याने. आतड्यात कृमी असलेला माणूस उघड्यावर शौचास बसला, की ती अंडी मातीत, पाण्यात आणि तेथून कोथिंबीर, मुळा, गाजर यांवर येतात. म्हणून जन्मभर शाकाहारी असलेल्यालाही हा आजार होऊ शकतो.

युरोपातील डॉक्टर असा ठिपका क्वचित पाहतात, आपल्याकडे तो नेहमीचा. या बाबतीत अनुभव आपल्या डॉक्टरांकडे जास्त आहे. पवनीच्या मुलाच्या एमआरआयमध्ये अळीच निघाली. मेंदूविकारतज्ज्ञांनी झटक्याच्या गोळ्या व देखरेखीखाली जंतावरील औषध दिले. सहा महिन्यांनी त्या जागी चुन्याचा एक बारीक कण तेवढा उरला. जमीन शाबूत राहिली. एक सूचना मात्र पाळा. जंताची गोळी स्वतःच्या मनाने घेऊ नये. अळी मरताना मेंदूला सूज येते आणि झटके वाढू शकतात.

खरी गाठ असेल तर

याचा अर्थ भीती खोटीच असते असा नाही. काही वर्षांपूर्वी एका शिक्षिकेच्या डोकेदुखीला मी दोन महिने पित्त समजत राहिलो. सकाळी उठताच डोके दुखते आणि उलटी झाली की बरे वाटते, असे त्या सांगत होत्या. मी ऐकले, पण त्याचा अर्थ लावला नाही. दृष्टी अंधुक झाली तेव्हा मी डोळ्यांचा पडदा तपासायला पाठवले. तेथे मेंदूवरील दाबाच्या खुणा दिसल्या. मेंदूच्या आवरणाची गाठ निघाली. नागपुरात शस्त्रक्रिया झाली, त्या वाचल्या, पण गेलेली दृष्टी पूर्ण परत आली नाही. ती चूक माझी होती. त्या बाईंचा वेळ अंतरामुळे वाया गेला नव्हता, निदान उशिरा झाल्यामुळे गेला.

मेंदूतील गाठींचे १ ते ४ असे दर्जे असतात. आवरणाच्या बहुतेक गाठी पहिल्या दर्जाच्या, हळू वाढणाऱ्या, आणि पूर्ण निघाल्या तर रुग्ण बरा होतो. चौथ्या दर्जाची ग्लिओब्लास्टोमा ही सर्वांत वाईट. तिच्यावर आधी शस्त्रक्रिया, मग सुमारे सहा आठवडे किरणोपचार व सोबत टेमोझोलोमाइड हे औषध, ही पद्धत २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासानंतर जगभर रूढ झाली. न्यूयॉर्कमध्ये हीच पद्धत, मुंबईत हीच आणि नागपुरातही हीच. दुर्दैवाने या गाठीचा पूर्ण नाश अजून कोणत्याही देशात करता येत नाही. विमानाच्या तिकिटाने तो फरक पडत नाही, हे कठोर असले तरी कुटुंबाला वेळीच सांगितले पाहिजे.

एके काळी परदेशी जाण्याला खरे कारण असे. लेक्सेल यांनी स्वीडनमध्ये बनवलेले ‘गॅमा नाईफ’ १९९७ साली भारतात आले. प्रोटॉन किरणोपचारासाठी तर २०१९ पर्यंत परदेश हाच मार्ग होता. त्या वर्षी चेन्नईत आणि २०२३ साली टाटा मेमोरियल केंद्राच्या खारघर येथील संस्थेत तो सुरू झाला. वेल्लोरला डॉ. जेकब चँडी यांनी देशातील पहिला मेंदू शस्त्रक्रिया विभाग १९४९ साली उभारला. ते स्वतः परदेशात शिकून परतले होते.

मग करावे काय?

भंडाऱ्याहून नागपूर जेमतेम दीड तासाचे. तेथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे सुपरस्पेशालिटी रुग्णालय आणि एम्स आहे, किरणोपचाराची सोय असलेली कर्करोग रुग्णालये आहेत. गाठ अवघड जागी असेल तर मुंबईचे टाटा व केईएम, बंगळूरचे निम्हान्स, दिल्लीचे एम्स ही नावे आहेत. दुसरे मत जरूर घ्या. त्यासाठी रुग्णाला हलवण्यापेक्षा आधी स्कॅनची सीडी, तुकड्याच्या तपासणीचा अहवाल आणि शक्य असल्यास पॅथॉलॉजीचे ठोकळे पाठवा. फक्त फिल्म नव्हे, सीडी मागून घ्या.

पैशांसाठी जमीन विकण्यापूर्वी महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी करा. २०२३ साली शासनाने तिची मर्यादा प्रति कुटुंब ५ लाख रुपये करण्याचा निर्णय घेतला. कोणता उपचार बसतो ते योजनेतील रुग्णालयातील आरोग्यमित्र सांगतो. रेशनकार्ड व आधारकार्ड सोबत ठेवा.

परदेशी जाणे कधी योग्य? येथील तज्ज्ञांनी नाव घेऊन एखादा उपचार लिहून दिला असेल, तो भारतात मिळत नसेल आणि परतल्यावर पुढची देखभाल कोण करणार हे ठरले असेल, तेव्हाच. मेंदूच्या शस्त्रक्रियेनंतर लगेच विमानप्रवासही धोक्याचा असतो. कवटीत अडकलेली हवा उंचीवर फुगते. डॉक्टरांच्या लेखी परवानगीशिवाय बसू नये.

या खुणा लक्षात ठेवा

सकाळी वाढणारी डोकेदुखी व उलटी, वीस वर्षांनंतर प्रथमच आलेला झटका, एका हातापायाची हळूहळू वाढणारी कमजोरी, बोलताना अडखळणे, दृष्टी कमी होणे, घरच्यांना जाणवणारा स्वभावातील बदल. यांपैकी काही दिसले तर आठवडा घालवू नका. झटका आलेल्याला कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, कांदा-चप्पल बाजूला ठेवा, घड्याळ बघा. झटका पाच मिनिटांत थांबला नाही तर थेट रुग्णालय गाठा.

आणि भाजी वाहत्या स्वच्छ पाण्यात धुवा, शौचालय वापरा, जेवणापूर्वी साबणाने हात धुवा. पवनीच्या त्या मुलाने या वर्षी रोवणीला पुन्हा चिखलात पाय घातला. त्याचे वडील परवा तांदळाची पिशवी घेऊन आले होते. मी त्यांना एवढेच म्हटले, ‘‘भाऊ, गावात कोणाला झटका आला तर चिठ्ठी मागायला आधी इकडे पाठवा.’’