टाकाऊ ग्लिसरीनपासून उपयुक्त रसायन : तांब्याच्या उत्प्रेरकाचे कार्य

करंज व इतर अखाद्य तेलांपासून बायोडिझेल तयार करताना १०० किलो तेलामागे सुमारे १० किलो ग्लिसरीन (ग्लिसरॉल) मिळते. या कच्च्या ग्लिसरीनमध्ये मिथेनॉल, साबण व क्षार मिसळलेले असल्याने त्यास भाव कमी मिळतो. परंतु शुद्ध केलेल्या ग्लिसरीनपासून दुभत्या गाईंच्या उपचारात लागणारे प्रॉपिलीन ग्लायकॉल तयार करता येते.

क्रिया कशी घडते?

जो पदार्थ रासायनिक क्रियेचा वेग वाढवितो, पण स्वतः खर्ची पडत नाही, त्यास उत्प्रेरक म्हणतात. सुमारे २०० अंश सेल्सिअस तापमानास, तांबेयुक्त उत्प्रेरकाच्या सान्निध्यात ग्लिसरॉलमधून पाण्याचा एक रेणू निघून जातो व ॲसिटॉल तयार होते. त्यास दाबाखालील हायड्रोजन जोडला गेला की प्रॉपिलीन ग्लायकॉल बनते. हिशोबाने ९२ किलो ग्लिसरॉल व २ किलो हायड्रोजनपासून ७६ किलो प्रॉपिलीन ग्लायकॉल आणि १८ किलो पाणी मिळते.

निकेल व रुथेनियम हे धातू कार्बनची साखळीच तोडतात, त्यामुळे वायू व इतर पदार्थ वाढतात. तांबे ही साखळी फारशी तोडत नाही. म्हणून या कामी तांबे सरस ठरते. अमेरिकेतील मिसुरी विद्यापीठात विकसित झालेल्या कॉपर क्रोमाइट उत्प्रेरकाच्या पद्धतीस २००६ साली तेथील राष्ट्राध्यक्षीय हरित रसायन पुरस्कार मिळाला. बेल्जियममध्ये एर्टव्हेल्डे येथे २०१२ साली ग्लिसरीनवर आधारित कारखाना सुरू झाला.

दुग्धव्यवसायातील उपयोग

व्याल्यानंतर जास्त दूध देणाऱ्या गाईच्या रक्तातील साखर कमी होऊन किटोसिस होतो. गाय खाणे सोडते, दूध घटते. प्रॉपिलीन ग्लायकॉल पाजल्यास यकृतात त्याची साखर बनते व ऊर्जा मिळते. मात्रा पशुवैद्यकाच्या सल्ल्यानेच द्यावी.

घ्यावयाची काळजी

१) कच्चे ग्लिसरीन जनावरांना पाजू नये. त्यातील मिथेनॉल विषारी असते.

२) नावात साम्य असले तरी इंजिनच्या कूलंटमधील एथिलीन ग्लायकॉल हे विष आहे. ते औषध म्हणून कधीही वापरू नये.

३) क्षार व गंधक यांमुळे उत्प्रेरक निकामी होतो. म्हणून ग्लिसरीन स्वच्छ, झाकणबंद पिंपात, विस्तवापासून दूर साठवावे. ओढ्यात किंवा विहिरीजवळ ओतू नये.

४) दाबाखालील हायड्रोजन धोकादायक असल्याने ही क्रिया गावपातळीवर करू नये. बायोडिझेल तयार करणाऱ्या गटांनी ग्लिसरीन एकत्र साठवून शुद्धीकरण कारखान्यास विकावे.